पुणे ते बंगळूर : गाडीनं जाताय ना?

दिवाळीची सुटी जवळ आली की घरोघरी बेत शिजू लागतात. लेक नोकरीनिमित्त बंगळूरला, रेल्वेचं आरक्षण मिळालेलं नाही. मग यजमान म्हणतात, "अगं, गाडीनंच जाऊ. पहाटे तीनला निघू, रात्रीच्या जेवणाला तिथं!" ऐकायला छान वाटतं. पण मैत्रिणींनो, हे अंतर सुमारे ८४० किलोमीटर आहे. तेव्हा बेताची सूत्रं तुम्हीच हातात घ्या.

पहिली गोष्ट, प्रवास दोन दिवसांचा करा. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत आणि दुपारी जेवणानंतर शरीर आपोआप पेंगतं. चहा-कॉफीनं घटकाभर तरतरी येते, पण झोपेची भरपाई होत नाही. ताशी ९० च्या वेगानं गाडी एका सेकंदात २५ मीटर जाते. चालवणाऱ्याला दोन सेकंदांची डुलकी लागली, तर काय होईल याचा विचार करा!

मुक्कामाला हुबळी सोयीची, कारण ती साधारण अर्ध्या वाटेवर आहे. सकाळी सहाला निघा. खंबाटकी घाट ओलांडेपर्यंत मुलांना भरपेट खाऊ घालू नका, नाश्ता साताऱ्याला करा. दुपारचं जेवण कोल्हापुरात, पण तांबडा-पांढरा रस्सा चालवणाऱ्यानं जरा बेतानंच घ्यावा! पुढं निपाणी, बेळगाव, धारवाड करत दिवे लागायच्या सुमारास हुबळी येते. वाटेत धारवाडी पेढे घ्यायला विसरू नका. दुसऱ्या दिवशी दावणगेरेचा लोण्याचा डोसा खा. चित्रदुर्गचा किल्ला वाटेवरच आहे. हैदर अलीचे सैनिक भिंतीतल्या फटीतून शिरू लागले, तेव्हा पहारेकऱ्याची बायको ओबव्वा हिनं मुसळानं त्यांना लोळवलं, अशी तिथली कथा. मुलांना ती फट जरूर दाखवा.

शिदोरीला दुधात भिजवलेल्या दशम्या, कोरडी चटणी आणि लाडू पुरेत. भात, ओलं खोबरं नको, उन्हात विटतं. सासूबाईंची औषधं हाताशी असलेल्या पिशवीत ठेवा. इन्शुलिन असेल तर बंद गाडीत ठेवून उतरू नका, उष्णतेनं त्याचा गुण जातो. आणि दर दोन तासांनी थांबा. वाटेत स्वच्छतागृह नको म्हणून आपण बायका पाणीच पीत नाही. ही सवय मोडा बाई!

निघण्याआधी चाकांतली हवा गाडी थंड असताना तपासून घ्या, स्टेपनीतलीसुद्धा. कागदपत्रं, विमा, पीयूसी आणि फास्टॅगमधले पैसे पाहा. मागं बसणाऱ्यांनीही पट्टा बांधायचा. तान्हं मूल मांडीवर घेऊन पुढं बसू नका. धक्का बसला तर आईचे हात त्याला धरू शकत नाहीत. रस्त्यात अडचण आली तर महामार्गाचा मदत क्रमांक १०३३, तातडीच्या वेळी ११२.

चालवणाऱ्याशेजारी बसाल, तर तुम्ही झोपू नका. वारंवार जांभया, डोळे चोळणं, गाडी पट्टा सोडून सरकणं, फाट्याची पाटी नजरेतून सुटणं ही झोपेची लक्षणं. ती दिसली की "जरा थांबू या का?" असं विचारू नका, "थांबा" म्हणा. पेट्रोल पंपावर वीस मिनिटं डोळे मिटू द्या. "मला काही होत नाही" हे उत्तर ऐकून घ्यायचं नाही, हं!

तेव्हा यंदा हुबळीची खोली आधी नक्की करा, मगच बॅगा भरायला घ्या. आणि लेकीला आत्ताच कळवून टाका, आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचतोय म्हणून.