दांतांवरून कुळाचा शोध



इ. स. १६६६ मध्यें इटलींतील लिव्होर्नोजवळ कोळ्यांनीं एक प्रचंड मुशी धरली. तिचें डोकें फ्लॉरेन्सला नेऊन स्टेनो या शारीरशास्त्रज्ञाच्या स्वाधीन करण्यांत आलें. तिचे दांत पाहतांच त्याच्या ध्यानांत आलें कीं, खडकांत सांपडणारे जे त्रिकोणी दगड लोक सर्पांच्या जिव्हा मानीत, ते वस्तुतः मुशीचेच दांत होत !

मुशीचें कुळ दांतांवरूनच कां शोधावें लागतें ? कारण तिच्या अंगांत हाड नाहीं. आपल्या नाकाच्या शेंड्यांत असते तशा कूर्चेचा तिचा सांगाडा. तो बहुधा कुजून जातो. दांत मात्र जन्मभर गळतात, पुन्हां येतात, आणि खडकांत टिकतात.

एकोणिसाव्या शतकांत अगासीझ या पंडितानें १७ सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या अशा दांतांच्या धन्यास ‘मेगॅलोडॉन’ हें नांव दिलें. त्याच्या दांतांची कड करवतीसारखी. आजच्या मोठ्या पांढऱ्या मुशीचीही तशीच. म्हणून दोघांना एकाच प्रजातींत बसविलें गेलें, आणि धाकटी थोरलीची वंशज ठरली.

परंतु पेरू देशांत सुमारें ६५ लाख वर्षांपूर्वींचा एक जबडा २२२ दांतांसह सांपडला. २०१२ मध्यें त्या जातीचें नामकरण झालें. तिच्या दांतांवर करवत नुकती कोठें उमटूं लागली होती. म्हणजे पांढऱ्या मुशीचे पूर्वज गुळगुळीत दांतांचे होते. मेगॅलोडॉनच्या घराण्यांत करवत त्याच्या फार पूर्वींच आली होती. सील, देवमासे यांसारख्यांचें मांस कापण्याची गरज सारखी, म्हणून हत्यारही सारखें. रक्ताचें नातें त्यावरून सिद्ध होत नाहीं.

आतां मेगॅलोडॉनची गणना बहुतेक शास्त्रज्ञ ‘ओटोडस’ प्रजातींत करितात. तें कुळ सुमारें ३६ लाख वर्षांपूर्वीं निर्वंश झालें. पांढरी मुशी ‘माको’ मुशीच्या कुळांतली. हीं दोन्ही कुळें एका गणांतलीं खरीं ; पण वाघ-मुशी, जिचे दांतही करवतीच आहेत, ती तर निराळ्याच गणांतली !

तात्पर्य, वर्गीकरण म्हणजे सारख्या वस्तू एका खणांत ठेवणें नव्हे. तें वंशावळीचें शास्त्र आहे. आणि वंशावळींत चेहऱ्यापेक्षां पूर्वजांची साक्ष अधिक मोलाची.