सरकारी निर्णयाचं गणित सॉफ्टवेअरला शिकवताना

20 सप्टेंबर 2019. जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी गोव्यात आलेल्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी, बाजार सुरू असतानाच, मोठ्या कंपन्यांवरील कराचा मूळ दर 30 वरून 22 टक्क्यांवर आणल्याचं जाहीर केलं. सेन्सेक्स त्या दिवशी 1,921 अंकांनी, म्हणजे पाच टक्क्यांहून अधिक वधारला. केवळ जुन्या भावांचे आलेख अभ्यासणाऱ्या सॉफ्टवेअरला याची चाहूल लागणं शक्यच नव्हतं.

मंत्र्यांच्या मनात काय आहे, हे कोणताही प्रोग्रॅम सांगू शकणार नाही. निर्णय झाल्यावर तो कोणाच्या नफ्यात किती उतरेल, हा हिशेब मात्र त्याला चोख करता येतो. अधिभार आणि उपकर धरून मोठ्या कंपनीचा कर आधी सुमारे 35 टक्के होता, तो 25.17 टक्के झाला. शंभर रुपये नफ्यातले 65 हाती उरत होते, तिथे 75 उरू लागले. करोत्तर नफ्यात तब्बल 15 टक्के वाढ! पण ती सगळ्यांच्या वाट्याला आली नाही. नवा दर घ्यायचा तर बहुतेक सवलतींवर पाणी सोडावं लागणार होतं. त्यामुळे पूर्ण दराने कर भरणाऱ्या कंपनीची चांदी झाली, तर सेझमधल्या सवलतींमुळे आधीच कमी कर भरणाऱ्या आयटी कंपनीला विशेष काही मिळालं नाही. हा फरक टिपायचा तर सॉफ्टवेअरजवळ प्रत्येक कंपनीने प्रत्यक्षात भरलेल्या कराची नोंद हवी. खरी मेहनत इथेच आहे.

धोरणांबाबतची अनिश्चितता मोजण्याचाही एक मार्ग आहे. स्कॉट बेकर, निकोलस ब्लूम आणि स्टीव्हन डेव्हिस या अर्थतज्ज्ञांनी वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत अर्थव्यवस्था, अनिश्चितता आणि धोरण या तिन्हींशी संबंधित शब्द एकत्र किती वेळा येतात, हे मोजून निर्देशांक तयार केला. भारतासाठीही तो काढला जातो. त्यातून वातावरण कळतं. निर्णय कोणत्या बाजूने लागेल, हे कळत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न विदेचा. भावांच्या नोंदी लाखो असतात, अर्थसंकल्प मात्र सहसा वर्षातून एकदाच येतो. त्यातही कारणं एकमेकांत मिसळतात. 8 नोव्हेंबर 2016 ला रात्री आठ वाजता नोटाबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी बाजार सुरू असतानाच अमेरिकेत ट्रम्प निवडून आल्याचं स्पष्ट झालं. सकाळी सोळाशेहून अधिक अंकांनी कोसळलेला सेन्सेक्स दिवसअखेर सुमारे 339 अंकांच्या घसरणीवर थांबला. यातला नोटाबंदीचा वाटा किती? एवढ्या एका दिवसावरून ते वेगळं काढता येत नाही. म्हणून एकच आकडा छातीठोकपणे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा ‘कर वाढला तर इतकं, घटला तर इतकं’ असे पर्याय मांडणारं सॉफ्टवेअर मला अधिक विश्वासाचं वाटतं.

आणखी एक पथ्य तारखांचं. जीडीपीचे आकडे पुढे सुधारले जातात. जुन्या काळावर चाचणी घेताना सुधारित आकडा वापरला, तर त्या वेळी कोणालाच ठाऊक नसलेली माहिती प्रोग्रॅमला मिळते आणि कागदावर नफा फुगतो. एखादं ॲप घेण्याआधी विक्रेत्याला एवढं जरूर विचारा: चाचणीत वापरलेला प्रत्येक आकडा त्या दिवशी खरोखर उपलब्ध होता का? स्पष्ट उत्तर मिळालं नाही, तर पैसे गुंतवू नका.