खुर्द्यातील नाणी कशी पारखावीत

जुन्या नाण्यांचा संग्रह म्हटला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे होन आणि मोहरा उभ्या राहतात, व हा श्रीमंतांचा शौक आहे अशी समजूत करून घेऊन ते त्याचा विचार सोडून देतात. वस्तुतः ह्या छंदाचा आरंभ दोनशे रुपयांच्या खुर्द्यावरही करता येतो. आणि हवी ती चार नाणी काढून घेतल्यावर उरलेला खुर्दा पुन्हा बाजारात चालतोच.

पाश्चात्त्य देशांत बँका नाणी कागदात गुंडाळून त्यांच्या वळकट्या देतात, आणि हौशी मंडळी त्या सोडून एकेक नाणे न्याहाळतात. आपल्याकडे त्या वळकटीची जागा शंभर नाण्यांच्या पॉलिथीनच्या पुडीने घेतली आहे. नाणी स्वीकारण्यास अशी पुडी सोयीची, असे रिझर्व्ह बँकेनेच बँकांस सांगितले आहे. सांगली जिल्ह्यातील पलूससारख्या ठिकाणी ही सोय विशेष उपयोगी पडेल. बाजारच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतील खुर्दा तेथे जमतो, आणि त्याच तालुक्यातील औदुंबरास येणाऱ्या यात्रेकरूंबरोबर दूरदूरची नाणी येतात. मात्र टांकसाळीतून नुकतीच आलेली कोरी नाणी मागू नयेत. ती बहुधा एकाच सालची असतात. व्यापाऱ्यांनी भरणा केलेला मिसळ खुर्दा मागावा, आणि तोही गर्दी नसताना, रोखपालास अडचण न होईल अशा बेताने.

घरी आल्यावर स्वच्छ कापड, भिंग आणि लोहचुंबक एवढे साहित्य पुरे. प्रथम साल पाहावे. सालाच्या खालीच बहुधा टांकसाळीची बारीक खूण असते : मुंबईची चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, आणि काहीच खूण नसेल तर ते नाणे कलकत्त्याचे. सन १९८५ च्या रुपयावर सालाखाली इंग्रजी ‘एच्’ आढळला, तर तो इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे पाडलेला आहे असे जाणावे. सन १९९२ पासूनचा रुपया पोलादी असून चुंबकास चिकटतो. त्याच्या लगेच आधीचा तांबे व निकेल ह्यांच्या मिश्रणाचा असल्याने चिकटत नाही. स्मारक-नाणीही ह्याच खुर्द्यात सापडू शकतात : डॉ. आंबेडकरांचा १९९० चा रुपया, संत ज्ञानेश्वरांचा १९९९ चा रुपया, शिवछत्रपतींचे १९९९ चे दोन रुपये, लोकमान्यांचे २००७ चे पाच रुपये. शेवटी नाणे कडांनी उभे धरून उजवीकडून डावीकडे फिरवावे. मागची बाजूही सरळ दिसली पाहिजे; ती तिरपी अथवा उलटी दिसली, तर ठसा फिरला आहे असे समजून ते नाणे वेगळे ठेवावे.

येथे दोन मोह टाळावयास हवेत. पहिला, नाणे चिंचेने अगर राखेने घासून लखलखीत करण्याचा. तांब्याच्या कळशीस जे शोभते ते नाण्यास मारक ठरते. घासल्याने त्याचा मूळ पृष्ठभाग जातो, आणि तो गेला की पुन्हा येत नाही. दुसरा मोह अधिक घातक आहे. एखादे साधे नाणे लाखो रुपयांस विकत घेऊ, असे आमिष दाखवून आधी शुल्क उकळणारे भामटे आहेत. रिझर्व्ह बँकेने अशा फसवणुकीविरुद्ध ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. विकत घेणारा आधी पैसे मागतो, हीच खोटेपणाची खूण.

खुर्द्यात सापडणाऱ्या बहुतेक नाण्यांचे मोल त्यांच्यावर छापलेले असते तेवढेच. म्हणून आरंभ करणाऱ्याने भावाच्या मागे न लागता एक वही घालावी व तीत साल, खूण, धातू आणि नाणे मिळाल्याची तारीख टिपावी. निवडलेले नाणे कागदी पाकिटात कोरडे ठेवावे. बाकीची नाणी साठवून न ठेवता भाजीवालीस, किराणा दुकानदारास द्यावीत. सुट्ट्यांवाचून त्यांचा खोळंबा होत असतो. अशा वहीची शंभर पाने भरतील तेव्हा मालक श्रीमंत झालेला नसेल. परंतु हातात आलेला रुपया न पाहता खिशात टाकणे त्याला पुन्हा जमणार नाही.