गुठळी विरघळवणारी गोळी मिळते का?

अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या डब्यात ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल हमखास असतं. घाटकोपर असो की बोरिवली, मेडिकलवाला त्यांना ‘रक्त पातळ करायच्या गोळ्या’ म्हणतो. पण या गोळ्या झालेली गुठळी विरघळवत नाहीत. त्या प्लेटलेट पेशींना एकमेकींना चिकटू देत नाहीत, म्हणून नवी गुठळी धरायला आळा बसतो.

विरघळवण्याचं काम शरीरातलं प्लाझ्मिन करतं. गुठळीतले फायब्रिनचे धागे ते कात्रीसारखे तोडतं. हार्ट ॲटॅकमध्ये देतात ते टेनेक्टेप्लेज याच प्लाझ्मिनला कामाला लावतं. पुण्याची जेनोव्हा कंपनीही ते बनवते. हे प्रथिन तोंडाने घेतलं तर पचून जाईल, म्हणून ते थेट शिरेतच द्यावं लागतं.

गोळीचा शोध जुनाच आहे. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये फेनफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) आणि एथिलइस्ट्रेनॉल (एक स्टेरॉइड) एकत्र देऊन पाहिलं. गुठळी विरघळवण्याची शरीराची ताकद वाढली. पण फेनफॉर्मिनमुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साचून माणसं दगावतात हे पुढे दिसलं आणि ते बाद झालं. आता गुठळी विरघळवतात म्हणून नॅटोकायनेज या एन्झाइमच्या कॅप्सूल ऑनलाइन मिळतात. अमेरिकेत २६५ जणांवर सुमारे ३ वर्षं झालेल्या त्यांच्या चाचणीचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला: धमनीच्या भिंतीचं जाड होणं नॅटोकायनेजने रोखलं नाही.

ॲस्पिरिन चालू असताना अशी कॅप्सूल मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. आणि छातीत दुखून घाम फुटला तर गोळी शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.