पेशीत राजा नाही

पेशी शिकवताना एक उपमा हमखास दिली जाते: केंद्रक हा राजा आणि बाकीची अंगके त्याचे चाकर. विज्ञान शिकवणारा शिक्षक म्हणून मला ही उपमा मान्य नाही.

केंद्रकात आनुवंशिक माहिती असते, हे खरे. पण त्या माहितीबरहुकूम प्रथिने रचतात ती रायबोसोम. त्यांवर संस्कार करून गॉल्जी पिंड ती योग्य जागी धाडतो. प्राणिपेशीत निकामी भागांचा निचरा लयकारिका करतात. या साऱ्याला लागणारी ऊर्जा मुख्यतः तंतुकणिकांतून येते. वनस्पतीत हरितलवक प्रकाशाच्या बळावर साखर बनवते. पण त्या साखरेतली बहुतांश ऊर्जा मोकळी करायला तेथेही तंतुकणिकाच लागते.

तंतुकणिका व हरितलवक यांच्याजवळ स्वतःचा डीएनए असतो. माणसाच्या तंतुकणिकेत ३७ जनुके आहेत. ही अंगके एके काळी स्वतंत्र जिवाणू होती, हा विचार लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली नव्याने, साधार मांडला. आज तो सर्वमान्य आहे. पुढे त्यांची बरीच जनुके केंद्रकात गेली. म्हणून ती आता एकटी जगू शकत नाहीत, आणि त्यांच्या ऊर्जेवाचून केंद्रकाचेही चालत नाही.

समाजातली उतरंड आधी पेशीवर लादायची आणि मग निसर्गच तसा आहे म्हणायचे, ही फसवणूक आहे. पेशीवरून समतेचा दाखलाही मी देणार नाही. समता माणसांनीच आणायची असते. वर्गात मात्र कोण काय काम करते, ते जसे आहे तसे सांगितले पाहिजे.