जहाज बुसानलाच का वळतं?

योकोहामाहून सुटणाऱ्या क्रूझ जहाजांची वेळापत्रकं चाळलीत तर एक गंमत दिसेल. कोबे, कोची, बेप्पू, नागासाकी, कागोशिमा अशी जपानी बंदरांची रांग असते आणि त्यात मध्येच दक्षिण कोरियातलं बुसान. सगळी फेरी जपानची, मग हे एकच कोरियन बंदर कशाला? माहितीपत्रकात बुसानच्या मासळी बाजाराचं, जगालचीचं, रंगीत छायाचित्र असतं. बाजार खरोखरच पाहण्यासारखा आहे, पण जहाज त्याच्यासाठी वळत नाही. ते वळतं 1899 सालच्या जपानी जहाज कायद्यातल्या तिसऱ्या कलमामुळे.

हे कलम म्हणतं की परदेशी झेंड्याच्या जहाजाने जपानच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल किंवा माणसं नेण्याचा धंदा करायचा नाही. तो हक्क देशी जहाजांचा. आता, जपानच्या किनाऱ्याने फिरणारी बहुतेक मोठी क्रूझ जहाजं परदेशी झेंड्याची. मग त्यांनी वाट काढली: फेरीत एक परदेशी बंदर घ्यायचं, म्हणजे ती आंतरराष्ट्रीय सफर ठरते. आणि सर्वांत जवळचं परदेशी बंदर कोणतं? बुसान. जपानच्या त्सुशिमा बेटापासून ते जेमतेम 50 किलोमीटरवर आहे. अमेरिकेतही 1886 सालचा असाच कायदा आहे, म्हणून सिएटलहून अलास्काला निघालेली जहाजं कॅनडातल्या एखाद्या बंदराला शिवून येतात. उलट ‘आसुका 2’सारख्या जपानी झेंड्याच्या जहाजाला बुसानची गरजच नाही, ते खुशाल जपानी बंदरांतच फिरतं.

भारतीय प्रवाशाने इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जहाज कोरियाला गेलं की आपण जपान सोडलेला असतो आणि परतताना पुन्हा जपानमध्ये शिरायचं असतं. एकदाच प्रवेश देणारा जपानी व्हिसा पुरेल का, हे तिकिटाचे पैसे भरण्याआधी विचारावं. घड्याळाला मात्र हात लावावा लागत नाही, कारण दोन्ही देशांची वेळ एकच, आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे.

कायद्याने बुसान ठरवलं, पण बाकीचा मार्ग पाणी ठरवतं. सुरुवात योकोहामातच होते. तिथला ओसानबाशी धक्का मूळचा 1894 सालचा. त्यावरची आजची इमारत 2002 साली उभी राहिली. लाकडी फळ्यांचं लाटांसारखं वरखाली होणारं हे छत म्हणजे सगळ्या गावाला फिरायला मोकळं मैदान आहे. पण या धक्क्याला यायचं तर योकोहामा बे ब्रिजखालून यावं लागतं आणि पुलाखाली उंची आहे साधारण 55 मीटर. काही जहाजं ओहोटीची वाट पाहून खालून सरकतात. त्याहून उंच जहाजांसाठी 2019 साली पुलाच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला, दाइकोकू धक्क्यावर टर्मिनल उघडलं. गावातला देखणा धक्का राहिला लहान जहाजांना, आणि आताची बलाढ्य जहाजं थांबतात मालगोदामांच्या शेजारी!

कोबेहून पश्चिमेला निघालं की आकाशी काइक्यो पूल लागतो. त्याच्या दोन मनोऱ्यांमधलं अंतर 1,991 मीटर. 1998 पासून 2022 पर्यंत झुलत्या पुलांमध्ये हे अंतर जगात सर्वांत मोठं होतं. पण मला विचाराल तर या साऱ्या मार्गावरचा खरा चमत्कार पुढे आहे, कानमोन सामुद्रधुनीत. होन्शू आणि क्यूशू या बेटांमधली ही चिंचोळी वाट सर्वांत अरुंद जागी साधारण 650 मीटर उरते. आत पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलतं आणि जोरावर असलं की दहा नॉटच्या आसपास धावतं. किनाऱ्यावर मोठे विद्युत फलक आहेत. त्यांवर एक इंग्रजी अक्षर, एक आकडा आणि एक बाण आळीपाळीने झळकतात: प्रवाह पूर्वेकडे की पश्चिमेकडे, किती नॉट, वाढतोय की ओसरतोय. मोठ्या जहाजावर स्थानिक पायलट चढलेला असतो आणि तो हे फलक वाचत जातो. 1185 साली याच पाण्यात, दान-नो-उरा इथे, ताइरा आणि मिनामोतो घराण्यांची शेवटची आरमारी लढाई झाली. प्रवाह फिरला तशी लढाईही फिरली, असं परंपरेने सांगतात. या सामुद्रधुनीच्या तळाखालून 780 मीटरचा पायी जायचा बोगदाही आहे, 1958 सालचा. वर जहाजं, खाली सकाळी फिरायला निघालेली माणसं.

पण पाण्याला एवढी घाई कशाची? उत्तर दोन बाजूंच्या पातळीत आहे. सामुद्रधुनीच्या पूर्वेला जपानचा अंतर्गत समुद्र, सेतो. तिथे भरती-ओहोटीत काही मीटरचा फरक पडतो. पश्चिमेला जपानचा समुद्र. तो खोल आहे, पण बाहेरच्या महासागराशी त्याचा संबंध फक्त अरुंद, उथळ सामुद्रधुन्यांतून. भरतीचं पाणी आत पुरेसं शिरायच्या आत ओहोटी सुरू होते, त्यामुळे कानाझावा किंवा साकाइमिनातोच्या धक्क्यावर पाणी दिवसभरात वीतभर-दीडवीत हलतं, बस्स. एकीकडे चढउतार करणारं पाणी, दुसरीकडे जवळपास निश्चल, आणि मधे 650 मीटरची फट.

आता हेच गणित कोरियाला लावून पाहा. बुसानला भरती-ओहोटीतला फरक मीटर-सव्वा मीटरचा. त्याच देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, इंचॉनला, तो नऊ मीटरपर्यंत जातो. तीन मजली घर बुडावं इतका! तिथला पीत समुद्र सरासरी केवळ 44 मीटर खोल आणि तीन बाजूंनी बंद. महासागरातून आलेली भरतीची लाट परातीतल्या पाण्यासारखी काठावर चढते. ओहोटीला मैलोगणती चिखल उघडा पडतो. म्हणून इंचॉनच्या आतल्या बंदराला पाणी कोंडून ठेवणारे दरवाजे बसवले आहेत, आपल्या मुंबईच्या इंदिरा डॉकला आहेत तसेच. कोरियन युद्धात 15 सप्टेंबर 1950 रोजी अमेरिकेच्या जनरल मॅकआर्थरने इंचॉनला सैन्य उतरवलं, तेव्हा मोहिमेचा मुहूर्त त्याच्या नकाशाने कमी आणि भरतीच्या कोष्टकाने जास्त ठरवला. त्याच युद्धात बुसान ही दक्षिण कोरियाची हंगामी राजधानी होती आणि नोव्हेंबर 1950 मध्ये भारतीय लष्कराचं 60 वं पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स पथक तिथेच उतरलं होतं.

नागासाकीला जहाज थेट गावाच्या कुशीत शिरतं. डोंगरांमधल्या लांब, खोल खाडीने आत जाताना मित्सुबिशीची गोदी दिसते. तिथली 1909 सालची अजस्र क्रेन अजून कामात आहे. 9 ऑगस्ट 1945 च्या अणुबाँबनंतरही ती उभी राहिली. वर उल्लेख केलेलं ‘आसुका 2’ 1990 साली याच गावात बांधलं गेलं. पर्यटक पाहायला जातात ते देजिमा, 1636 साली समुद्रात भर घालून केलेलं पंख्याच्या आकाराचं इवलंसं बेट. 1641 पासून दोनशेहून अधिक वर्षं युरोपच्या व्यापाराला जपानमध्ये एवढीच जागा होती आणि तीही फक्त डच लोकांना. आज भोवती भराव पडून ते जमिनीत गेलं आहे, शेजारून ट्राम धावते.

डचांच्या आधी इथे पोर्तुगीज येत आणि त्यांची जहाजं येत गोव्याहून. 1571 पासून गोवा–मकाव–नागासाकी अशी वारी चाले. उन्हाळ्यात नैऋत्य वाऱ्यावर चीनचं रेशीम घेऊन मकावहून नागासाकीला, हिवाळ्यात ईशान्य वाऱ्यावर जपानी चांदी घेऊन परत. आपल्याकडे पाऊस आणणारं वाऱ्यांचं हे चक्र तिथे व्यापाराचं वेळापत्रक होतं. गोव्याहून जाऊन परत यायला दोन-तीन वर्षं सहज लागत. त्याहीआधी, एप्रिल 1549 मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघाला आणि 15 ऑगस्टला कागोशिमाला उतरला, आज क्रूझ जहाजं जिथे साकुराजिमा ज्वालामुखीसमोर थांबतात त्याच गावी. त्याच्यासोबत वाटाड्या होता अंजिरो, मूळचा कागोशिमाचाच. गुन्हा करून पळालेला हा माणूस 1548 मध्ये गोव्यात बाप्तिस्मा घेऊन सेंट पॉल कॉलेजात शिकला होता.

जपानच्या क्रूझचं तिकीट सगळ्यांना परवडणारं नाही, हे उघड आहे. पण पुढच्या वेळी जुन्या गोव्याला गेलात तर बॉम जीझसमध्ये झेवियरचं दर्शन घेऊन तसेच परतू नका. सेंट पॉल कॉलेजच्या चर्चची दर्शनी कमान तिथून जवळच अजून उभी आहे, तीही पाहून या.