जुनी खेळयंत्रे आज कोठे भेटतात?

आर्केड यंत्र म्हणजे माणसाच्या उंचीचे लाकडी कपाट, त्यात चित्रनळी, पुढे एखादा दांडा नि दोनचार बटणे, आणि पोटाशी नाणे टाकण्याची फट. १९७८ मध्ये जपानच्या तैतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' रचला, १९८० मध्ये नामको कंपनीचा 'पॅकमॅन' आला, आणि अमेरिकेत पिझ्झाची दुकाने, धुलाईघरे, जेथे म्हणून माणूस पाच मिनिटे ताटकळतो, तेथे ही यंत्रे उभी राहिली. पुढे खेळ घरोघर पोचले आणि कपाटे अडगळीत गेली. तेच खेळ आता खिशातल्या फोनवरही मिळतात. मग ती कपाटे शोधीत हिंडावे कशाला?

याचे उत्तर अटारी कंपनीच्या 'अ‍ॅस्टेरॉइड्स' या १९७९ मधील खेळात मिळते. जुन्या दूरचित्रवाणी संचात इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीमागून ओळ असा सबंध पडदा विंचरून काढीत असे. 'अ‍ॅस्टेरॉइड्स'मध्ये तसे नाही. चित्रकाराने कुंचल्याने रेघ ओढावी तसा झोत थेट आकृतीचीच रेषा काढतो. त्यामुळे तिरप्या रेषा दातेरी होत नाहीत, आणि गोळीच्या ठिपक्यावर झोत एकवटल्याने ती अंधारात निखाऱ्यासारखी चमकते. चौकटीचौकटींच्या सपाट पडद्यावर ठिपका दिसतो, निखारा दिसत नाही.

'स्पेस इन्व्हेडर्स'ची गंमत निराळी. पडदा मुळात कृष्णधवल. रंग दिसतो तो पारदर्शक रंगीत पट्ट्यांचा. त्याच्या उभ्या कपाटात तर पडद्याचे प्रतिबिंब आरशात पाडून, मागे रंगविलेल्या चंद्रभूमीवर शत्रू उतरल्याचा भास निर्माण केला होता. ही फसवणूकच, पण किती सुरेख! ती पाहावयाची तर कपाटासमोरच उभे राहिले पाहिजे.

आता ठिकाणे. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात, लॅकोनिया येथे, 'फनस्पॉट' हे करमणूकगृह १९५२ पासून आहे. त्याच्याच इमारतीत जुन्या यंत्रांचे संग्रहालय आहे. पण काचेआडचे नव्हे, खेळण्याचे. शिकागोजवळ ब्रुकफील्डला २०१० मध्ये उघडलेल्या 'गॅलोपिंग घोस्ट'मध्ये दाराशी एकदाच पैसे भरावे आणि दिवसभर खेळावे. सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावरील 'म्युझे मेकॅनिक'मध्ये याच्या उलट: प्रवेश फुकट, नाणे मात्र प्रत्येक यंत्राला. तेथे या यंत्रांचे आजोबा म्हणावेत अशी, विजेच्या पडद्याआधीची कळसूत्री यंत्रेही आहेत.

नामांकित ठिकाणांबाहेर शोधताना एक ध्यानात ठेवावे. जुन्या कपाटात नवा सपाट पडदा बसवून शेकडो खेळ एकत्र भरलेले पुष्कळ आढळतात. काच थोडी फुगीर आहे का, आणि कपाटावर ज्या खेळाचे नाव तोच आत चालतो का, हे पाहावे.

खरी अडचण पुढेच आहे. या यंत्रांना लागणाऱ्या चित्रनळ्यांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन थांबले आहे. एक निकामी झाली की दुसऱ्या मोडक्या यंत्रातली काढून घ्यावी लागते. कॅपकॉमच्या १९९० नंतरच्या काही खेळांत तर सांकेतिक किल्ली बॅटरीवर जपलेल्या स्मृतीत असे. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि खेळ मुका होतो. अशी पाटे पुन्हा बोलती करणारे कारागीर आहेत, पण थोडे. म्हणून एखाद्या ठिकाणी दोन यंत्रांवर 'बंद आहे' अशी चिठ्ठी दिसली, तर लगेच पाठ फिरवू नये. महिन्याने पुन्हा जावे. चिठ्ठी तेव्हा दुसऱ्याच यंत्रावर असेल, तर तेथे कोणीतरी हाती डाग देण्याची कढई घेऊन बसलेला आहे. त्यालाच विचारावे, जवळपास आणखी कोठे यंत्रे आहेत ते त्याला ठाऊक असते.